मोहोळाईच्या उघड्या मडक्याची कहाणी

ऐक मोहोळाई, तुझी कहाणी.

तांदूळ घेतले का सगळ्यांनी हातात? मुठी नीट मिटा. चुलीवर काही ठेवून आला असाल तर आत्ताच जाऊन उतरवून या. मध्येच कुणी उठायचं नाही, सांगून ठेवते. मागच्या खेपेला एकीचं दूध, दुसरीची गाय, तिसरीचा जावई, आणि माझी कहाणी अर्ध्यावर. ही कहाणी बसून ऐकायची आहे. बसलात? बरं.

आटपाट नगर म्हणतात सगळे. आमच्या कहाणीत नगर नाही. आटपाट खाडी होती. समुद्राचं पाणी आत शिरे, वाळूच्या दांड्यामागं अडे आणि तिथंच ऐसपैस पसरे. भरतीला भरे, ओहोटीला ओसरे, पण सारं काही सुकत नसे. काठानं तिवरं, कांदळ, मारांडी, सगळी झाडं खाऱ्या चिखलात पाय रोवून उभी. वैशाख आला की तिवराला बारीक पिवळा फुलोरा येई. मग कुठून कुठून माश्या येत आणि फांदीफांदीला मोहोळ लागे. त्या मधाची चव काय सांगू बायांनो! जिभेवर गोड, आणि गिळल्यावर मागाहून किंचित खारट. डोंगरच्या मधासारखा दाट मात्र नव्हे. पाण्याकाठचा मध तो, पातळच असायचा.

त्या खाडीकाठी एक घर होतं. घरात तीन माणसं. एक म्हातारी, तिचं नाव द्वारका. तिचा लेक भिवा, तो मोहोळं उतरवायचा. आणि भिवाची बायको येसू.

येसू कामाला चांगली, बोलायला चांगली, दिसायला चांगली. पण पायाला भिंगरी. भात चुलीवर ठेवला की दहादा झाकण काढून बघायची. वेल लावला की माती उकरून बघायची, मूळ धरलं का म्हणून. वेल मरायचा. मग म्हणायची, बघा, मला वाटलंच होतं! नवरा खाडीत गेला की हिचं ओटी ते पाणंद, पाणंद ते ओटी. सासू म्हणायची, "बस गो जरा, जमीन काही पळून जात नाही." येसू बसायची, आणि बसल्याबसल्या उठायची.

हसू नका. तिला कारण होतं. ती लहान असताना तिचा बाप असाच एका सकाळी खाडीत गेला. संध्याकाळी होडी आली, बाप आला नाही. आईनं तिला काठावर बसवलं होतं, बस हां, बाबा येतील म्हणून. तेव्हापासून बसायचं म्हटलं की तिला ती होडी दिसायची. कुणाला सांगितलं नाही तिनं हे कधी.

मग एके वर्षी काय झालं? वैशाखात भिवानं मोहोळं उतरवली. एक उतरवलं, दुसरं उतरवलं, तिसरं उतरवलं. चौथं होतं खाडीच्या तोंडाशी, वाकड्या तिवरावर. त्याला हात लावला नाही. ते मोहोळाईचं, मोहोळांच्या देवीचं. तिचा वाटा तिला ठेवायचा, ही त्या घराची रीत. मग मध फडक्यातून गाळला, मडक्यात ओतला, मडकं ओटीवर पाटावर मांडलं. इतक्यात पलीकडच्या तीरावरून निरोप आला, द्वारकेची लेक अवघडली आहे, दिवस भरले आहेत, आईला धाडा.

मग द्वारकेनं गाठोडं बांधलं. जाताना सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, "सूनबाई, सूनबाई, मोहोळाईचा वसा आता तुझ्यावर. तीन गोष्टी सांगते. मध मुरेपर्यंत मडक्याचं तोंड बांधू नये. दारी कुणी मध मागायला आलं तर नाही म्हणू नये. आणि माणूस मोहोळाच्या झाडावर चढला की त्याला काठावरून हाक मारू नये. एवढं सांभाळ."

"एवढंच ना?" येसू म्हणाली. "सांभाळते की! तुम्ही निर्धास्त जा."

म्हातारी तरीत बसली आणि गेली. आता येसू काय करते ऐका.

ओटीवर मडकं उघडं. येसूला स्वस्थता नाही. मुंगी येईल. मांजर येईल. वाऱ्यानं कचरा पडेल. आणि समजा यांना काही झालं, उद्या हे खाडीतून आलेच नाहीत, तर हाच मध आपल्याला जगवणार, दुसरं काय आहे घरात? असं मनात यायचं. आलं की ती मडक्यात डोकवायची, बोट घालून बघायची, इकडचं मडकं तिकडं सरकवायची. भिवा म्हणाला, "अगो, मुरू दे की त्याला. तू त्याला एका जागी राहू देशील तर ना."

मग एक दिवस दारी तरीवाला आला. म्हातारा बाबल. साऱ्या गावाला अलीकडे-पलीकडे करणारा. छातीवर हात धरून खोकत आला. "येसू, बोटभर मध दे गो. आल्याच्या रसातून घेईन म्हणतो. खोकून खोकून बरगड्या मोडल्या." येसूनं मडक्याकडं बघितलं. देववेना. म्हणाली, "बाबलकाका, अजून मुरला नाही मध. नाही द्यायचा." बाबल गेला. येसूनं मडक्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कुंभारीण आली, गोदू. तिच्याच हातचं मडकं ते. मडक्यांचा आवा उतरवताना हात भाजला होता, फोड आले होते. "येसूबाय, जरा मध लावायला दे. आग आग होते आहे हाताची." येसूला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हणाली, "सासूबाई घरी नाहीत. त्यांच्या माघारी कसा देऊ? नाही द्यायचा." सासूचं नाव पुढं करायला बरं पडतं, काय? गोदू गेली. येसूनं झाकणावर फडकं बांधलं.

तिसऱ्या दिवशी एक परकी बाई आली. कडेवर लेकरू, उन्हातून चालत आलेली, ओठ सुकलेले. "बये, वाटीभर पाण्यात थोडा मध घालून देशील? चालवत नाही." येसूनं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मध? "मध नाही घरात," म्हणाली. आणि मडकं तिच्या पाठीमागं पाटावर, त्या बाईच्या डोळ्यांसमोर! बाई पाणी प्याली, मडक्याकडं बघितलं, येसूकडं बघितलं आणि गेली. मग येसूनं मेण वितळवलं आणि फडक्यावर गच्च बसवलं. वारा म्हणून आत जाईल तर शपथ.

आता तुम्ही खाडीकाठच्या बायका. तुम्हांला मी सांगायला हवं का? पातळ मध, वैशाखाचं ऊन, आणि तोंड बांधलेलं मडकं! डोंगरातली बाई असती तर म्हटलं असतं बिचारीला ठाऊक नव्हतं.

मध आंबला. आतून फेस धरला. मग मडकं गुणगुणायला लागलं. येसूनं कान लावला. तिला वाटलं, मोहोळाई प्रसन्न झाली, मडक्यात येऊन गाते आहे. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, मागं वळली आणि फाट्कन मडकं फुटलं! खापऱ्या आढ्याला, मध भिंतीला. ओटीवरून ओघळ अंगणात. मुंग्यांची आणि कोंबड्यांची दिवाळी झाली.

येसू खाली बसून मध ओंजळीत भरू लागली. मातीसकट, खापरीसकट. हात कापले. भिवा धावत आला. "सोड गो, सोड. गेला तो गेला."

"सासूबाई येतील," येसू म्हणाली. "रिकामा पाट बघतील. मी काय सांगू?"

"सांग, फुटलं."

"का फुटलं विचारतील." आणि मग ती जी उठली ती थांबेना. आत जा, बाहेर ये. "अहो, खाडीच्या तोंडाशी एक मोहोळ राहिलं आहे ना?"

भिवाचा चेहरा उतरला. "ते मोहोळाईचं आहे."

"मोहोळाईला कुठं संसार चालवायचा आहे?"

"येसू, काय बोलतेस!"

"अर्धं आणा. तिलाही ठेवा, आपल्यालाही आणा. मी काय सगळं म्हणते आहे?"

भिवा नाही म्हणाला. सकाळी नाही म्हणाला, दुपारी नाही म्हणाला. तिनं अन्न टाकलं. ती जेवेना, बसेना, त्याला बसू देईना. शेवटी तो माणूस वैतागला. कोयता घेतला, धूर करायला माडाच्या सुक्या चुडतांची पेंडी घेतली, भांडं कमरेला बांधलं. म्हणाला, "जातो. पण काठावर येऊ नको. आणि आलीस तर तोंड उघडू नको." होडी लोटली आणि गेला.

मग येसू काय करते? ओटीवर आली. पाणंदीवर गेली. परत आली. मग काठावर गेलीच. ओहोटी लागली होती. दूर वाकड्या तिवरावर धूर दिसत होता, माणूस दिसत नव्हता. मग धूरही दिसेना. येसू चिखलात उतरली. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत. बाप आठवला. रिकामी होडी आठवली. देवा देवा, असंच, अगदी असंच झालं होतं! जीभ चावून धरली तिनं. पदर तोंडात कोंबला. आणि मग सुटलंच. गळा फाडून ओरडली, "भिवाऽऽऽ!"

बायांनो, कळलं का काय झालं ते? नवऱ्याचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्याच्यावर कधी नाही. आणि ते असं, खाडीभर. झाडावर त्याच्या हातात धुराची पेंडी, दुसऱ्या हातात कोयता, मोहोळाचा वरचा मधाचा भाग कापून भांड्यात पडलेला. बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकलं आणि त्याला वाटलं, घर जळलं की काय, आई गेली की काय. दचकून वळला. पेंडी हातातून सुटली, पाण्यात पडली, विझली. धूर गेला. आणि मोहोळ उठलं.

पुढचं सांगत नाही. आग्या माशी उठली म्हणजे काय होतं ते तुम्ही जाणता. त्यानं झाडावरून उडी टाकली, चिखलात तोंड खुपसून पडला. बाबल तरीवाला पलीकडून येत होता. त्यानं घोंगडी पांघरून होडी तिकडं वळवली, भिवाला ओढून आत घातला, घरी आणला. ज्याला बोटभर मध नाही म्हटलं, तोच. खोकत खोकत गेला.

भिवा ओळखू येईना. तोंडाचा भोपळा झाला, दोन्ही डोळे मिटले, अंगात ताप फणफणला. दोन्ही कानांवर हात दाबून म्हणे, "काढा त्यांना, कानातून काढा! घूं घूं करतात, झोपू देत नाहीत." कान तर रिकामे. कुणाला काढायचं? तो तळमळे, कूस बदले, उठे, पडे. येसूचीच अस्वस्थता जशी काही उठून त्याच्या अंगात गेली होती.

वैद्य आला. नाडी बघितली, मान हलवली. "डोळे जातील, माणूसही जाईल. एकच उपाय. ही मात्रा मधातून चाटवा, डोळ्यांच्या कडांना मध लावा, सकाळ-संध्याकाळ. खाडीचाच मध हवा."

कमरेच्या भांड्यात होता तेवढा मध मिळाला. नव्या मडक्यात ओतला, अर्ध्याच्याही खाली राहिला. वैद्य म्हणाला, "सांडू नका. फुलोरा सरला आहे, दुसरा मिळायचा नाही. हा पुरला तर तुमचा माणूस तुमचा."

ऐकता ना? की तुमचं लक्ष तिकडं वाटीतल्या प्रसादाकडं? ऐका.

मग द्वारका परत आली. लेकीला मुलगा झाला ही बातमी घेऊन हसत तरीतून उतरली, आणि घरात येऊन बघते तर हे असं. येसूनं तिचे पाय धरले. सगळं सांगितलं. झाकण सांगितलं, फडकं सांगितलं, मेण सांगितलं. नाही म्हटलं ते सांगितलं. हाक मारली ती सांगितली. काही लपवलं नाही.

"एक नाही, दोन नाही, तिन्ही मोडलेस?" म्हातारी कडाडली. "मेले, तुला एक गोष्ट धड जपता आली नाही? माझा एकुलता एक गो तो!"

"सासूबाई, सासूबाई, वसा मी मोडला. मग ते का भोगतात?"

"ते मला काय विचारतेस? जिचा मोडलास तिला विचार." म्हातारीनं डोळे पुसले. लेकाच्या उशाशी जाऊन आली. मग म्हणाली, "आता एकच मार्ग आहे. उद्या सकाळी न्हाऊन ओटीवर पाट मांड. हे मडकं त्याच्यावर ठेव, तोंड उघडं ठेव, आणि शेजारी बस. मडकं निवेपर्यंत, मधाचा फेस बसेपर्यंत बस. दारी कुणी येईल त्याला नाही म्हणू नको. आणि याला हाक मारू नको, यानं मारली तरी ओ देऊ नको."

येसू पांढरीफटक पडली. "हे मडकं? सासूबाई, हा त्यांच्या औषधाचा मध! मागणाऱ्यांना दिला तर त्यांना काय?"

"तो माझा लेक आहे," द्वारका म्हणाली. "मला कळत नाही का? जा. उतू नको, मातू नको, आणि तुझ्यापुरतं म्हणून जास्तीचं सांगते, उठू नको."

एवढं म्हणून म्हातारी आत गेली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. आवाज बाहेर जाऊ दिला नाही.

मग सकाळ झाली. येसूनं पाट मांडला, मडकं ठेवलं, शेजारी बसली. बसली म्हणजे काय, नुसती टेकली. पायाला मुंग्या आल्या. पाठीला खाज सुटली. कोंबड्या सुपातल्या दाण्यात शिरल्या, एरवी ती धावली असती. कुंपणाची काठी पडली. शेजारणीनं हाक मारली. येसूनं पाटाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. आतून भिवा कण्हला, "पाणी." मग म्हणाला, "येसू, पाणी." मग म्हणाला, "येसू, कुठं गेलीस गो?" बायांनो, काळजाचं पाणी पाणी झालं तिचं. ओठ दाताखाली धरले, रक्त आलं. उठली नाही. ओ दिली नाही. सासूनं पाणी पाजलं.

मग बाबल तरीवाला आला. ओशाळवाणा उभा राहिला. "येसू, तुझ्यावर वेळ आली आहे, मला ठाऊक आहे. पण खोकल्यानं होडी हाकवत नाही. बोटभर असेल तर—" येसूनं मडक्यात बघितलं. बोटभर म्हणजे यांची एक मात्रा. हात पुढं जाईना. मग गेला. करवंटी भरून दिली. म्हणाली, "काका, त्या दिवशी मुरण्याचं मी नुसतं निमित्त केलं." बाबल म्हणाला, "असू दे गो." आणि गेला. मडक्यातला मध उतरला.

मग गोदू कुंभारीण आली. हाताचा फोड चिघळला होता. काही मागितलंसुद्धा नाही तिनं, नुसता हात पुढं केला. येसूनं आपल्या हातानं मध लावला, चिंधी बांधली, आणखी करवंटीभर बरोबर दिला. मडक्यातला मध आणखी उतरला. आता तळाशी चार बोटं राहिला. आत भिवाचं घूं घूं चाललंच होतं. "काढा त्यांना, काढा."

येसूच्या मनात आलं, आता ती परकी बाई येईल, कडेवर लेकरू घेऊन. तिला वाटीभर पाण्यातून देईन, पाया पडेन, आणि तळाला राहील तेवढा यांना. असं ठरवून ती पाणंदीकडं डोळे लावून बसली. ऊन वर आलं. ऊन माथ्यावर आलं. बाई काही आली नाही.

मग काय आलं?

आधी एक माशी आली. मडक्याच्या काठावर बसली, आत उतरली, निघून गेली. मग दहा आल्या. मग खाडीकडून आवाज उठला, आणि आभाळात काळा ढग आल्यागत सगळं मोहोळच आलं! ज्यांचं घर कापलं ते. शेजारपाजारच्यांनी दारं लावली. द्वारकेनं आतून खिडकी ओढली, भिवाच्या अंगावर घोंगडी टाकली. ओटीवर एकटी येसू आणि उघडं मडकं.

माश्या मडक्यावर बसल्या. पाटावर बसल्या. येसूच्या हातावर, गळ्यावर, केसांत. एक पापणीवर बसली. झाकण हाताशी होतं. फडकं हाताशी होतं. एकदा मडकं झाकलं की नवऱ्याचे डोळे त्या झाकणाखाली राखले जाणार होते. तिला वाटलं, हे कसलं मागणं? माणसानं मागितलं तर द्यावं. ह्या तर माझं कुंकू न्यायला आल्या! मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पळावंसं वाटलं. मग तिच्या मनात आलं, मागतात कुठं? त्यांचाच आहे. त्यांच्या दारी आम्ही गेलो होतो कोयता घेऊन, न विचारता. त्या तर नुसत्या आल्या आहेत.

तिनं झाकण दूर सारलं. म्हणाली, "घ्या. घ्या बायांनो."

रडत होती, पण हलली नाही. डोळ्यांतलं पाणी गालावरून गेलं, तिथं माश्या बसल्या होत्या, त्याही हलल्या नाहीत. एकीनंही नांगी टोचली नाही. दुपार कलली, ऊन पडवीत आलं. मध उतरत उतरत गेला. चार बोटांचा तीन बोटं, तीन बोटांचा दोन, दोन बोटांचा एक. मग मडकं कोरडं झालं. जीभ फिरवावी तसं स्वच्छ.

मग सगळ्या एकदम उठल्या. घरावरून गेल्या, माडांवरून गेल्या, खाडीवर गेल्या. आवाज बारीक बारीक होत गेला आणि थांबला.

घर गप्प झालं. बायांनो, असं गप्प, की येसूला आपला श्वास ऐकू यायला लागला. आणि मग तिच्या ध्यानात आलं, आतलं कण्हणं थांबलं आहे. घूं घूं नाही. पाणी नाही. येसू नाही. सासू बाहेर येत नाही. तिला वाटलं, गेले. मी मध वाटत बसले आणि ते गेले.

मडकं रिकामं होतं, निवायला काही राहिलं नव्हतं. वसा झाला होता. आता उठायला हरकत नव्हती. पण येसूला उठवेना. जन्मभर जिला बसता आलं नाही, तिला आता उठता येईना! आत जाऊन काय बघायचं? जोवर बघत नाही तोवर तो आहे. ती भिंतीला टेकून तशीच बसून राहिली.

मग दार करकरलं. भिंत चाचपत कुणीतरी बाहेर आलं. घोंगडी पांघरलेलं, तोंड अजून सुजलेलं. मागं द्वारका हात धरून. भिवा! ताप उतरलेला, घामानं चिंब. डावा डोळा चिरीएवढा उघडलेला. त्या चिरीतून त्यानं अंगण बघितलं, रिकामं मडकं बघितलं, मग बायकोकडं बघितलं.

म्हणाला, "येसू, तू बसलीस?"

येसूनं हंबरडा फोडला. "बसले हो. मध गेला. सगळा गेला."

"माझ्या कानातल्याही गेल्या," भिवा म्हणाला. आणि भिंत धरून धरून तिच्याशेजारी खाली बसला. म्हातारीनं दोघांकडं बघितलं, मनात मोहोळाईला हात जोडले आणि चूल पेटवायला गेली.

उजवा डोळा? तो मिटला तो मिटलाच. दुसऱ्या गावच्या बायका सांगतात, दोन्ही उघडले, वर घरात मधाचे रांजण भरले आणि दारी हत्ती झुलले. सांगू देत. आमच्या आजेसासूनं सांगितलं ते मी सांगते. एक डोळा गेला. वसा मोडला की काही तरी जातंच, आणि पाळला की काही तरी राहतं. जे राहिलं त्यावर त्या दोघांनी संसार केला, लेकरंबाळं झाली, म्हातारीनं पतवंडांचे पाय धुतले. पुढल्या वैशाखात भिवा एका डोळ्यानं मोहोळं उतरवायला गेला तेव्हा येसू ओटीवर मडक्याशेजारी बसली. भीती वाटली का? वाटली की! भीती काय व्रतानं जाते? भीती घेऊनच बसली, आणि हाक मारली नाही.

मोहोळाई, जशी तू येसूला पावलीस तशी आम्हांला पाव. इथं बसलेल्या बायांचं घरातलं आंबू नये, आणि बाहेर गेलेलं माणूस वेळेवर घरी यावं. मागणाऱ्याला नाही म्हणायची पाळी आमच्यावर येऊ नये, आणि आली तरी जीभ रेटू नये. ज्यांचं आहे त्यांना देताना हात धीट राहावा. जिवाला जराशी बैठक मिळावी.

आता मुठी उघडा, तांदूळ मडक्यापाशी वाहा. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांत तुम्हांपुढं मांडली, मोहोळाईनं ऐकून घेतली, उघड्या तोंडानं सुफळ झाली, न बांधता संपूर्ण झाली.